मायक्रोस्कोप कॅमेऱ्याचं कूलिंग आणि नॉईज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायक्रोस्कोपला कॅमेरा लावून काम करणारे विद्यार्थी, टेक्निशियन आणि खरेदी समितीवर बसलेले प्राध्यापक, अशा सगळ्यांसाठी हे पान आहे. आकडेमोड थोडी आहे, पण वर्गमुळाच्या पुढे काही नाही.

कॅमेरा थंड कशासाठी करतात?

सेन्सर सिलिकॉनचा असतो. प्रकाशकण पडला की त्यात इलेक्ट्रॉन सुटतो आणि कॅमेरा तो मोजतो. पण सिलिकॉनमध्ये नुसत्या उष्णतेनेही इलेक्ट्रॉन सुटतात, आणि हा प्रकाशाचा, तो उष्णतेचा, असा फरक सेन्सरला करता येत नाही. अंधारातही साचत राहणाऱ्या या इलेक्ट्रॉनांना डार्क करंट म्हणतात. तो दर पिक्सेलला दर सेकंदाला किती इलेक्ट्रॉन, असा मोजतात.

तापमान साधारण ६ ते ७ अंशांनी वाढलं की डार्क करंट दुप्पट होतो, तेवढंच उतरलं की निम्मा. २५ अंशांवरचा सेन्सर उणे १० वर नेला, म्हणजे ३५ अंश उतरवला, तर ढोबळ हिशेबाने पाच वेळा निम्मा, म्हणजे बत्तिसावा हिस्सा उरतो. कूलिंगचा सगळा महिमा या एका हिशेबात आहे, आणि त्याची मर्यादाही.

थंड करायला बहुतेक कॅमेऱ्यांत पेल्टिए घटक असतो. दोन वेगळ्या पदार्थांच्या सांध्यातून वीज गेली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, हे झाँ पेल्टिए यांनी १८३४ साली दाखवलं. गार बाजू सेन्सरला चिकटवलेली असते. गरम बाजूची उष्णता पंख्याने किंवा पाण्याने बाहेर काढावी लागते, आणि ही उष्णता सेन्सरकडून उपसलेल्या उष्णतेपेक्षा बरीच जास्त असते, कारण पेल्टिए स्वतःही भरपूर वीज खातो. पुढच्या निम्म्या तक्रारींचं मूळ या गरम बाजूत आहे.

नॉईज म्हणजे नेमकं काय? डार्क करंट म्हणजेच नॉईज ना?

नाही. डार्क करंटची सरासरी वजा करता येते. तिच्याभोवतीचा चढउतार वजा करता येत नाही, आणि नॉईज म्हणतात तो त्या चढउताराला.

रोजच्या कामात तीन नॉईज महत्त्वाचे. पहिला प्रकाशाचा स्वतःचा, म्हणजे शॉट नॉईज. पावसात अंगणात दोन सारखी घमेली ठेवली तरी दोन्हींत नेमके तेवढेच थेंब पडत नाहीत. प्रकाशकणांचंही तसंच आहे. सरासरी १०० इलेक्ट्रॉन येणार असतील तर चढउतार १०० च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १० चा असतो. हा निसर्गाचा भाग आहे, कुठलंही कूलिंग त्याला हात लावू शकत नाही. दुसरा डार्क करंटचा शॉट नॉईज: साचलेल्या डार्क इलेक्ट्रॉनांचं वर्गमूळ. तिसरा रीड नॉईज, म्हणजे पिक्सेलमधला विद्युतभार मोजताना इलेक्ट्रॉनिक्सकडून होणारी चूक. एक्सपोजर कितीही असो, दर फ्रेमला तो एकदाच लागतो.

एकूण नॉईज काढताना हे आकडे सरळ बेरजेने मिळवत नाहीत. प्रत्येकाचा वर्ग करायचा, वर्गांची बेरीज करायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं. त्यामुळे मोठा नॉईज छोट्याला गिळून टाकतो. खालची सगळी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

मग जितका थंड तितका चांगला, बरोबर?

हा समज सगळ्यात महागात पडतो, म्हणून पूर्ण हिशेब करूनच बघू.

समजा एका पिक्सेलवर १०० इलेक्ट्रॉनचा सिग्नल आहे आणि रीड नॉईज १.६ इलेक्ट्रॉन. तीन कॅमेरे घेऊ. एक न थंड केलेला, डार्क करंट सेकंदाला १० इलेक्ट्रॉन. दुसरा मध्यम थंड, ०.५. तिसरा खूप थंड, ०.००५.

एक्सपोजर १०० मिलिसेकंद असेल तर पहिल्यात १ डार्क इलेक्ट्रॉन साचतो, दुसऱ्यात ०.०५, तिसऱ्यात जवळपास शून्य. एकूण नॉईज अनुक्रमे १०.१८, १०.१३ आणि १०.१३. म्हणजे सिग्नल-नॉईज गुणोत्तर तिन्हीकडे ९.८ ते ९.९. छपाईत तर सोडाच, आकड्यांतही फरक सापडायला मारामार.

आता तोच १०० इलेक्ट्रॉनचा सिग्नल ५ मिनिटांच्या एक्सपोजरमध्ये गोळा होतोय असं समजा, ल्युसिफरेजसारख्या विकरांच्या मंद जैवप्रकाशात होतो तसा. पहिल्या कॅमेऱ्यात ३००० डार्क इलेक्ट्रॉन साचतात, नॉईज जवळपास ५६ होतो आणि गुणोत्तर १.८ वर येतं. चित्र संपलं. दुसऱ्यात १५० साचतात, गुणोत्तर ६.३. तिसऱ्यात दीड इलेक्ट्रॉन, गुणोत्तर ९.८.

तेव्हा ‘किती थंड?’ हा प्रश्न एकट्याने विचारण्यात अर्थ नाही. तुमचा एक्सपोजर किती, हे आधी सांगा. डार्क करंट गुणिले एक्सपोजर हा आकडा रीड नॉईजच्या वर्गापेक्षा बराच लहान असेल तर आणखी थंड करून हाती काही लागणार नाही. जिवंत पेशींचं फ्लुओरोसन्स चित्रण बहुधा १० ते ५०० मिलिसेकंदांत होतं. तिथे उणे १० आणि उणे ४५ यांत फरक दाखवून द्या, असं विक्रेत्याला खुशाल सांगा.

कूलिंगने रीड नॉईज कमी होतो का?

जवळपास नाही. रीड नॉईज ठरतो तो अॅम्प्लिफायरच्या रचनेवर आणि पिक्सेल किती वेगाने वाचले जातात त्यावर. जुन्या, सीसीडी प्रकारच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांत सगळे पिक्सेल एकाच दारातून रांगेने बाहेर पडायचे. घाई केली की चूक वाढायची. सोनीचा ६.४५ मायक्रॉन पिक्सेलचा आयसीएक्स२८५ हा सेन्सर वर्षानुवर्षं कितीतरी प्रयोगशाळांत वापरला गेला, त्याच्या चांगल्या कॅमेऱ्यांतही रीड नॉईज ६ इलेक्ट्रॉनच्या आसपास असायचा. सीमॉस या नंतरच्या प्रकारच्या सेन्सरमध्ये दर पिक्सेलला स्वतःचा अॅम्प्लिफायर आणि दर स्तंभाला स्वतःचं वाचनयंत्र असतं. प्रत्येकाला निवांत वाचता येतं, म्हणून वेगही जास्त आणि नॉईजही कमी. २००९ साली अँडोर, पीसीओ आणि फेअरचाइल्ड इमेजिंग यांनी मिळून ‘सायंटिफिक सीमॉस’ जाहीर केला, त्यामागची मुख्य कल्पना हीच.

एकाच कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात रीड नॉईजचे दोन आकडे दिलेत. खरा कुठला?

दोन्ही खरे आहेत. सीसीडीत सगळे पिक्सेल एकाच अॅम्प्लिफायरमधून जात, म्हणून नॉईजचा एकच आकडा पुरायचा. सीमॉसमध्ये प्रत्येक पिक्सेलचा नॉईज वेगळा. बहुतेक पिक्सेल शांत असतात, पण थोडे बरेच वात्रट असतात. ‘मीडियन’ म्हणजे मधल्या पिक्सेलचा आकडा, त्यात या वात्रटांची दखलच घेतली जात नाही. ‘आरएमएस’ म्हणजे वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, त्यात त्यांचाही हिशेब येतो, म्हणून तो नेहमी मोठा. पहिल्या पिढीतल्या चांगल्या सायंटिफिक सीमॉसला मीडियन १ च्या आसपास आणि आरएमएस १.६ च्या आसपास असे आकडे सर्रास दिसतात.

तुलना करताना आरएमएस घ्या. एका कॅमेऱ्याचा मीडियन दुसऱ्याच्या आरएमएसशेजारी ठेवून ‘आमचा कॅमेरा शांत’ असं सांगणारे तक्ते अजूनही फिरतात.

आमच्याकडे पॅथॉलॉजीच्या एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवलेल्या) स्लाइड आहेत. कूलिंग असलेला कॅमेरा घ्यावा का?

नको. स्टेन केलेल्या स्लाइडखाली एवढा प्रकाश असतो की काही मिलिसेकंदांत पिक्सेल भरतो. तिथे महत्त्वाची असते पिक्सेलची क्षमता. ३.४५ मायक्रॉनच्या सोनी पिक्सेलमध्ये साधारण १०,५०० इलेक्ट्रॉन मावतात, म्हणजे गुणोत्तर जास्तीत जास्त १०० च्या थोडं वर. ३०,००० मावत असतील तर १७३. रीड नॉईज २ असो वा ६, कोणाला कळणारही नाही. ते पैसे रंगांची अचूकता, चांगलं ऑब्जेक्टिव्ह आणि दिव्यावर घाला.

एक्सपोजर छोटा असेल तर कूलिंग निरुपयोगी म्हणता. मग सगळे महागडे सीमॉस कॅमेरे कूलिंगसकट का येतात?

कारण कूलिंगचा अर्थ नुसतं थंड करणं नाही, तापमान एका जागी धरून ठेवणंही आहे. माझ्या मते आजच्या कॅमेऱ्यांत याचंच मोल जास्त.

सेकंदाला १०० फ्रेम वाचणारा सेन्सर स्वतःच तापतो. तापमान हललं की ऑफसेट सरकतो, म्हणजे अंधाराला दिलेला आकडा बदलतो. सकाळी १०० असलेला ऑफसेट दुपारी १०३ झाला आणि तुम्ही दिवसभर पेशींची तेजस्विता मोजत असाल, तर ती वाढ पेशींची की कॅमेऱ्याची हे कळायला मार्ग नाही. दोन तेजस्वितांचं गुणोत्तर काढून पेशीतलं कॅल्शियम मोजणाऱ्यांना हे विशेष नडतं, कारण छेदातला आकडा लहान असतो.

दुसरं कारण हॉट पिक्सेल. वर दिलेला डार्क करंट सरासरीचा आहे. सिलिकॉनमधल्या दोषांमुळे काही पिक्सेल सरासरीच्या शेकडो पट गळतात. ते थंडीत बऱ्यापैकी गप्प बसतात, म्हणून सेन्सर शून्याच्या आसपास नेला तरी चित्रातली टाचणीच्या टोकासारखी पांढरी टिंबं झपाट्याने कमी होतात.

ईएमसीसीडी उणे ८० पर्यंत का नेतात?

ईएमसीसीडी हा सीसीडीचाच एक प्रकार, पण तिथे सिग्नल मोजण्याआधीच शेकडो पट वाढवला जातो. त्यामुळे रीड नॉईज नगण्य ठरतो, पण अंधारातला एकेक इलेक्ट्रॉनही तितकाच फुगतो. म्हणून डार्क करंट मुळातच उखडावा लागतो. शिवाय ही वाढ तापमानावर अवलंबून असते. सेन्सर जितका गार तितकी ती जास्त, म्हणून तापमान हललं की गेनही हलतो.

खोल कूलिंगने न जाणारीही एक गोष्ट यात आहे. विद्युतभार सरकवताना घड्याळी स्पंदांमुळे अधूनमधून फुकटचा इलेक्ट्रॉन तयार होतो. तो एक्सपोजरच्या लांबीशी बांधलेला नसतो आणि थंडीला जुमानत नाही.

मग ईएमसीसीडी अजून घ्यावा का?

गुणाकाराची प्रक्रिया स्वतःच यादृच्छिक असल्याने ईएमसीसीडीत शॉट नॉईज २ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ पट वाढतो. सेन्सरची कार्यक्षमता निम्मी झाल्यासारखाच हा परिणाम. १.६ रीड नॉईजच्या सीमॉसशी तुलना केली तर समसमान बिंदू येतो पिक्सेलमागे सुमारे अडीच इलेक्ट्रॉनवर. एकच इलेक्ट्रॉन येत असेल तर ईएमसीसीडीचं गुणोत्तर ०.७१, सीमॉसचं ०.५३. चार येत असतील तर पारडं फिरतं: १.४१ विरुद्ध १.५६. मात्र यात दोन्हींचे पिक्सेल सारखे धरलेत. ईएमसीसीडीचे पिक्सेल बहुधा १३ किंवा १६ मायक्रॉनचे असतात, ते एकेकटे जास्त प्रकाश गोळा करतात, तेव्हा प्रत्यक्ष तुलना करताना मॅग्निफिकेशन जुळवून घ्या.

२०२१ मध्ये आलेल्या हामामात्सूच्या ऑर्का-क्वेस्टने ०.२७ इलेक्ट्रॉन आरएमएसपर्यंत मजल मारली. या पातळीला शून्य, एक, दोन असे इलेक्ट्रॉन वेगवेगळे ओळखता येतात. पण तो आकडा सेकंदाला ५ फ्रेमच्या संथ मोडमधला आहे. वेग हवा असेल तर त्या मोडचा आकडा वेगळा बघा. हे कुठल्याही कॅमेऱ्याला लागू आहे. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावरचा सगळ्यात कमी नॉईज आणि सगळ्यात जास्त वेग हे दोन आकडे एकाच वेळी मिळतीलच असं नाही.

‘कूलिंग उणे ४५ अंश’ असं लिहिलंय. नागपुरात मे महिन्यात तेवढंच मिळेल का?

आधी हे बघा की उणे ४५ हे सेन्सरचं तापमान आहे की ‘खोलीपेक्षा ४५ अंश खाली’ असं आहे. दोन्ही पद्धतींनी लिहिलं जातं आणि बारीक अक्षर सहसा तळाला असतं. पेल्टिए ठराविक फरक निर्माण करतो. खोली २० अंशांवर असताना ४५ खाली म्हणजे उणे २५. एसी बंद पडून खोली ३८ वर गेली तर तोच कॅमेरा उणे ७ च्या खाली जाऊ शकणार नाही. उणे २० वर सेट केलेला असेल तर तो पूर्ण जोर लावूनही तिथे पोचणार नाही, तापमान भरकटत राहील आणि सॉफ्टवेअर बहुधा फक्त एक छोटा लाल आकडा दाखवेल.

म्हणून कमाल क्षमतेवर कॅमेरा चालवू नका. वर्षातल्या सगळ्यात गरम दुपारीही सहज धरता येईल असं तापमान निवडा आणि बारा महिने तेच ठेवा. जानेवारीतल्या आणि मेमधल्या प्रतिमा तुलनेला योग्य राहतात. दहा अंश कमी थंड केल्याचं नुकसान वरच्या हिशेबात घालून बघा, बहुतेकांना ते सापडणारही नाही.

माझ्या फ्लुओरोसन्स चित्रात खूप दाणे दिसतात. कॅमेरा खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. दोषी असते पार्श्वभूमी.

समजा प्रथिनाचा सिग्नल ५० इलेक्ट्रॉन आणि आजूबाजूची धूसर चमक २०० इलेक्ट्रॉन. ती चमक वजा करता येते, तिचा शॉट नॉईज मात्र मागेच राहतो. १.६ रीड नॉईजच्या कॅमेऱ्यात गुणोत्तर ३.१५ येतं. कॅमेरा बदलून ०.३ रीड नॉईजचा आणला तर ३.१६. लाखो रुपयांत मिळालेला फरक दुसऱ्या दशांश स्थळी. त्याऐवजी पार्श्वभूमी पूर्ण काढता आली तर जुन्याच कॅमेऱ्यात गुणोत्तर ६.९ होतं, दुपटीहून जास्त.

तेव्हा आधी पेशींच्या माध्यमातलं, स्वतःच चमकणारं फिनॉल रेड आणि रायबोफ्लेविन काढा, इमर्शन ऑइल बदलून बघा, फिल्टर नीट जुळतात का ते तपासा, खोलीतले दिवे आणि मॉनिटर झाका, अँटिबॉडीचं धुणं वाढवा. शक्य असेल तर टर्फ किंवा कॉन्फोकल, म्हणजे फोकसबाहेरची चमक टाळणारी तंत्रं, वापरा. यातलं काहीच न करता नवा कॅमेरा मागणारे अर्ज समितीपुढे नेहमी येतात.

रीड नॉईज मी स्वतः मोजू शकतो का?

हो. फिजी हे प्रतिमा तपासायचं सॉफ्टवेअर आणि एखादा तास पुरे. मोजाच. ब्रोशरवर विश्वास ठेवण्यापेक्षा हे बरं.

कॅमेऱ्याला झाकण लावा, वर काळं कापड टाका, खोलीत अंधार करा. तापमान स्थिर होईपर्यंत थांबा, निदान अर्धा तास. सगळ्यात लहान एक्सपोजरवर ५०० फ्रेम घ्या. फिजीत स्टॅक उघडा आणि झेड प्रोजेक्टमध्ये ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ निवडा. मिळालेल्या चित्रातला प्रत्येक आकडा हा त्या पिक्सेलचा रीड नॉईज, ग्रे लेव्हलमध्ये. त्याला माहितीपत्रकातल्या रूपांतर गुणकाने, म्हणजे एका ग्रे लेव्हलमागे किती इलेक्ट्रॉन त्या आकड्याने, गुणा. हिस्टोग्राम बघितलात की वर सांगितलेले वात्रट पिक्सेल उजवीकडच्या शेपटीत दिसतील.

सीसीडी असेल तर दोनच फ्रेम पुरतात: एकीतून दुसरी वजा करा, फरकाचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढा, २ च्या वर्गमुळाने भागा. पण वजाबाकी करण्याआधी चित्र ३२ बिटचं करून घ्या. १६ बिटमध्ये ऋण आकडे शून्यावर कापले जातात आणि तुमचा कॅमेरा आहे त्यापेक्षा फार गुणी दिसतो.

रूपांतर गुणकच संशयास्पद वाटला तर तोही काढता येतो. एकसारख्या उजेडाच्या वेगवेगळ्या तीव्रतांवर दोन-दोन फ्रेम घ्या, ऑफसेट वजा केलेल्या सरासरीसमोर व्हेरिअन्स (स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग) मांडा. सरळ रेघ येते, तिच्या उताराचा व्यस्तांक म्हणजे गुणक. युरोपियन मशीन व्हिजन असोसिएशनचं ईएमव्हीए १२८८ हे मानक याच पद्धतीवर बांधलेलं आहे.

डार्क करंट मोजायला गेलो तर ५ मिनिटांच्या फ्रेमची सरासरीही १ सेकंदाएवढीच आली. कॅमेरा एवढा चांगला आहे?

कदाचित असेलही, पण आधी दुसरी शक्यता तपासा. अनेक कॅमेरे सेन्सरच्या कडेच्या झाकलेल्या पिक्सेलांवरून काळ्याची पातळी स्वतःच जुळवून घेतात. सरासरी मग हलतच नाही, डार्क करंट कितीही असो. अशा वेळी सरासरी सोडा आणि व्हेरिअन्स बघा. सारख्या लांबीच्या फ्रेमच्या जोड्या घेऊन त्यांच्या फरकाचा व्हेरिअन्स निम्मा करा. तो एक्सपोजरबरोबर वाढत असेल तर डार्क इलेक्ट्रॉन साचताहेत. कॅमेरा नॉईज लपवू शकत नाही, सरासरी लपवू शकतो.

उलट, डार्क करंट अवाच्या सवा आला तर प्रकाश गळतोय का ते बघा. मायक्रोस्कोपचा आयपीस, स्टेजवरचा एलईडी, यूपीएसचा हिरवा दिवा, काहीही पुरतं.

डार्क फ्रेम वजा करणं पुरेसं नाही का? मग कूलिंगची गरजच काय?

डार्क फ्रेम हॉट पिक्सेलांची नक्षी आणि कोपऱ्यातली अॅम्प्लिफायरची चमक काढते. तिथे साचलेल्या इलेक्ट्रॉनांचा चढउतार राहतोच. आणि एकच डार्क फ्रेम वजा केलीत तर तिचा नॉईजही तुमच्या चित्रात शिरतो, म्हणून निदान वीस-तीस फ्रेमची सरासरी घ्या. तापमान, एक्सपोजर आणि गेन तिघेही तेच हवेत. गेल्या महिन्याची डार्क फ्रेम कामाला येते का? तापमान नियंत्रित कॅमेऱ्यात सहसा येते, बिनकूलिंगच्या कॅमेऱ्यात नाही.

पंख्यामुळे चित्र हलतं का?

२० पटीवर कळत नाही. १०० पटीच्या ऑइल ऑब्जेक्टिव्हवर, रेणू एकेक करून शोधताना किंवा ऑप्टिकल ट्वीझर वापरताना कळू शकतं. तिथे दहा-वीस नॅनोमीटरची थरथरही मोठी असते. तपासायला सोपं: स्थिर मण्यांची फिल्म पंखा चालू ठेवून आणि बंद करून घ्या आणि मण्याचा मध्य किती हलतो ते बघा. अनेक कॅमेऱ्यांत पंखा सॉफ्टवेअरमधून थोडा वेळ बंद ठेवता येतो, पण पाणी जोडलेलं नसेल तर तापमान चढायला लागतं.

थरथरीहून जास्त वेळा सापडणारी भानगड म्हणजे गरम हवा. कॅमेऱ्यातून निघणारा झोत मायक्रोस्कोपच्या बॉडीवर आला की धातू प्रसरण पावतो आणि फोकस सरकतो. झोताचं तोंड फिरवता येत असेल तर फिरवा. कॅमेरा भिंतीला चिकटवून ठेवू नका. आणि जाळीवरची धूळ दर दोन-तीन महिन्यांनी काढा. शेजारी इमारतीचं काम चालू असेल तर दर महिन्याला.

पाण्याने थंड करायचं म्हटलं तर पावसाळ्यात काही धोका?

आहे, आणि कोकण किनाऱ्यावर तो खरा आहे. मुंबईत जुलैमध्ये २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता हे काही विशेष नाही. अशा हवेचा दवबिंदू सुमारे २५ अंश असतो. चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, १० अंशांवर लावलात तर नळ्यांवर, जोडण्यांवर आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर पाणी सुटणार आणि ते नेमकं इलेक्ट्रॉनिक्सवर टपकणार. एसी नीट चालू असलेल्या खोलीत, २२ अंश आणि ६० टक्क्यांना, दवबिंदू १४ च्या आसपास येतो. चिलर त्याच्या वर, १८ ते २० वर ठेवा. थोडं कमी थंड होईल, होऊ दे.

खरी फसगत रात्री होते. संध्याकाळी एसी बंद, चिलर चालू, आणि सकाळी टेबल ओलं. एसी आणि चिलर एकाच बटणावर घेता आले तर उत्तम, नाहीतर दारावर पाटी लावा.

चित्राच्या मध्यभागी धुरकट डाग आलाय, पुसला तरी जात नाही. काय असेल?

कॅमेरा फिरवा. पडद्यावर डाग फिरला तर तो मायक्रोस्कोपमध्ये आहे. पडद्यावर जागच्या जागी राहिला तर कॅमेऱ्यात. कूलिंग बंद करून तासाभराने तो नाहीसा होत असेल तर आत बाष्प शिरलंय. सेन्सरची कुपी निर्वात किंवा कोरड्या वायूने भरलेली असते. सील सैल पडला की दमट हवा आत जाते आणि गार सेन्सरवर दव किंवा बर्फ धरतं. काही कॅमेऱ्यांत बदलता येणारी सिलिका जेलची कांडी असते, ती बदलून बघा. नसेल तर कंपनीकडे पाठवा. कुपी स्वतः उघडू नका, आणि दुरुस्त होईपर्यंत कूलिंग लावू नका.

बिनिंगने नॉईज कमी होतो ना?

सीसीडीत चार पिक्सेलांचा भार आधी एकत्र होतो आणि एकदाच वाचला जातो, म्हणून रीड नॉईज एकदाच लागतो. सीमॉसमध्ये चौघे वेगवेगळे वाचून मग बेरीज होते. सिग्नल चौपट, रीड नॉईज दुप्पट. फायदा आहे, पण निम्मा.

दोन कॅमेऱ्यांचे डार्क करंट ०.१ आणि ०.३ आहेत. पहिला चांगला?

पिक्सेल केवढे ते सांगा. ६.५ मायक्रॉनचा पिक्सेल आणि १६ मायक्रॉनचा पिक्सेल यांच्या क्षेत्रफळात सहापट फरक आहे. पहिला ६.५ चा आणि दुसरा १६ चा असेल तर दर चौरस मायक्रॉनमागे दुसराच कमी गळतो.

खगोल छायाचित्रणाचे थंड कॅमेरे स्वस्त मिळतात. ते लावले तर?

लांब एक्सपोजरच्या कामाला झकास चालतात. किमतीच्या मानाने कूलिंग आणि नॉईज दोन्ही चांगले असतात. अडचण येते ती लेसर आणि स्टेजशी वेळ जुळवताना. ट्रिगरची सोय बहुधा नसते किंवा मोघम असते. मायक्रो-मॅनेजर या मायक्रोस्कोप चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतो का हे विकत घेण्याआधी तपासा. स्थिर स्लाइडच्या कामाला जरूर घ्या, वेगवान जिवंत चित्रणाला नको.

टेंडरमध्ये काय लिहावं?

‘कूलिंग उणे ४५ किंवा त्याहून चांगलं’ ही ओळ बहुधा कुठल्या तरी एका कंपनीच्या ब्रोशरमधून आलेली असते आणि तिच्यामुळे इतर चांगले कॅमेरे विनाकारण बाद होतात. जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर असो वा खुल्या निविदेत, तापमानाऐवजी परिणाम मागा. डार्क करंट किती, कोणत्या सेन्सर तापमानाला आणि खोली ३० अंशांवर असताना. रीड नॉईज आरएमएस, तुम्हाला लागणाऱ्या वेगाच्या मोडमध्ये. तापमान किती अंशांच्या आत स्थिर राहतं. आणि डेमो तुमच्या खोलीत, तुमच्या नमुन्यावर, दुपारी. विक्रेत्याने आणलेली तेजस्वी चाचणी स्लाइड बाजूला ठेवा, तिच्यावर सगळेच कॅमेरे छान दिसतात.

वीज गेली तर थंड सेन्सरला इजा होते का?

उणे १० ते उणे २० वर चालणाऱ्या सीमॉसला सहसा नाही. उणे ८० च्या ईएमसीसीडीचं तापमान मात्र हळूहळू चढवावं लागतं. सॉफ्टवेअरमधून कूलिंग बंद करा, सेन्सर उणे २० च्या वर आला की मगच वीज काढा. वारंवार वीज जात असेल तर त्याला यूपीएस द्या, आणि पाण्याचा पंपही त्याच यूपीएसवर घ्या. पंप बंद, पेल्टिए चालू अशी वेळ आली तर गरम बाजू काही मिनिटांतच तापते. बहुतेक कॅमेरे अशा वेळी स्वतःला बंद करून घेतात, पण दर आठवड्याला तशी परीक्षा घेऊ नका.